सोप्यातला कॅमेरा: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी मृग लागायच्या आधी खानापूर तालुक्यातील नंदगडच्या आमच्या घरात आम्ही दोन वायफाय कॅमेरे बसवले. एक दारावर, अंगणाकडे तोंड केलेला, आणि दुसरा आत सोप्यात, जिथे आईचा दिवसाचा बहुतेक वेळ जातो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मी बेळगावात शहापूर भागात राहते, दादा पुण्यात नोकरीला आहे, आणि आई आपले घर आणि परडे सोडून कुठे यायला तयार नाही. त्याच वर्षी मार्च महिन्यात ती न्हाणीच्या पायरीवरून घसरली आणि शेजारच्या काकू दूध घेऊन येईपर्यंत पाऊण तास भिंतीला टेकून बसून राहिली. हाड मोडले नव्हते, परंतु तो पाऊण तास आम्हा दोघां भावंडांच्या मनातून जाईना. कॅमेऱ्याचा विचार त्यातून आला. हे आधी सांगणे आवश्यक वाटते, कारण घरातील कॅमेऱ्याची खरेदी पुष्कळदा काळजीपोटी होते, आणि काळजीत असलेला माणूस खोक्यावरचा मजकूर तपासून पाहत नाही. मीही पाहिला नव्हता.

कॅमेऱ्याच्या कंपनीचे आणि दुकानाचे नाव मी येथे देत नाही. एका ग्राहकाच्या अनुभवावरून कोणाला जाहीरपणे दोषी ठरवणे मला योग्य वाटत नाही, शिवाय मला जे सांगायचे आहे ते एका कंपनीपुरते मर्यादित नाही. पुढे जिथे कंपन्यांची नावे आली आहेत, तिथे ती जाहीर झालेल्या आणि नोंद असलेल्या घटनांच्या संदर्भातच आली आहेत.

आधी वस्तूविषयी. एका कॅमेऱ्याची किंमत २,४०० रुपये, ६४ जीबीचे मेमरी कार्ड वेगळे, फिटिंगची मजुरी वेगळी. चित्र फुल एचडी आहे आणि दिवसा उत्तम दिसते. रात्री इन्फ्रारेडवर काळेपांढरे चित्र येते. दारातला माणूस ओळखू येतो, फाटकापलीकडचा ओळखू येत नाही. कार्डावर सुमारे सहा दिवसांचे रेकॉर्डिंग राहते, त्यानंतर जुने पुसून नवे चढत जाते. बोलण्याची सोय आहे, पण आवाज एकदोन सेकंद उशिरा पोहोचतो, आणि पहिल्यांदा भिंतीतून माझा आवाज आला तेव्हा आई इतकी दचकली की तेव्हापासून आम्ही आधी फोन करतो आणि मगच कॅमेऱ्यातून बोलतो. जुलैच्या पावसात वीज गेली की राउटर बंद पडत असे आणि कॅमेरा नेमका गरजेच्या वेळी आंधळा होत असे; राउटरसाठी छोटा बॅटरी बॅकअप घेतल्यावर ती अडचण बरीच कमी झाली. एवढ्यावर थांबले असते तर मी या कॅमेऱ्याला पाचपैकी चार तारे दिले असते.

फिटिंग झाली त्या संध्याकाळी मी आईला फोनवर तिचेच चित्र दाखवले. तिने ते नीट पाहिले, पदर सारखा केला आणि विचारले, “ह्यातनं तू मला बघतीस, ते कळलं. पण तुझ्याशिवाय आणि कोण बघतंय, ते सांग की.” मी म्हणाले, “कोणी नाही गं आई. मी आणि दादा, एवढेच.” हे उत्तर मी पूर्ण विश्वासाने दिले होते आणि ते चुकीचे होते. ते चुकीचे आहे हे कळायला ऐंशीहून अधिक दिवस गेले.

गणपतीला घर भरले होते. सोप्यात रात्री सात-आठ जणांची अंथरुणे पडत, सकाळी बायकामुलींची आवराआवर तिथेच चाले. दादाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, संगणकशास्त्र शिकतो. त्या पाच दिवसांपुरता तरी सोप्यातील कॅमेरा बंद ठेवावा म्हणून तो ॲपमध्ये वेळापत्रक लावू लागला, तेव्हा ही सेटिंग फक्त मालकाला बदलता येईल असा संदेश आला. त्याने माझा फोन तपासला, दादाचा तपासला. आम्ही दोघेही मालक नव्हतो. आम्ही ‘शेअर’ केलेले पाहुणे होतो. मालकाच्या जागी एका मोबाइल क्रमांकाचे शेवटचे चार अंक दिसत होते, आणि ते अंक फिटिंगच्या बिलावर पेनाने लिहिलेल्या क्रमांकाशी जुळत होते.

झाले होते ते असे. कॅमेरा बसवायला आलेल्या मुलाने आमचा वेळ वाचावा म्हणून तो आपल्या फोनवर चालू केला, खोक्यावरचा क्यूआर कोड आपल्या खात्यातून स्कॅन केला आणि मग आमच्या फोनांना पाहण्याची परवानगी देऊन तो निघून गेला. त्या मुलाने कधी आत डोकावून पाहिले असेल असे मला वाटत नाही, आणि तसा आरोप मी करत नाही. दुकानात फोन केला तेव्हा समोरच्या माणसाने काहीही लपवले नाही. वयस्कर गिऱ्हाइके पासवर्ड विसरतात, मग पुन्हा खेडोपाडी जावे लागते, म्हणून आम्ही सगळ्यांचे असेच करतो, असे त्यांनी सरळ सांगितले आणि दिलगिरीही व्यक्त केली. ‘सगळ्यांचे’ हा शब्द ऐकून मात्र मला काही सुचेनासे झाले. सुताराने दाराला कुलूप बसवावे, एक किल्ली घरमालकाला द्यावी आणि दुसरी आपल्याकडे ठेवावी, आणि असे त्याने गावातल्या प्रत्येक घराचे करावे, हे आपण सोय म्हणून कधी स्वीकारले असते का?

दारावरचा कॅमेरा त्याच दिवशी मोकळा झाला. सोप्यातला मात्र अडकला, कारण तो ज्या खात्याला जोडलेला होता ते खाते त्या मुलाला जुना क्रमांक बंद झाल्यामुळे उघडता येत नव्हते. कॅमेऱ्याच्या मागच्या छिद्रात पिन घालून तो रिसेट केला तरी मालकी सुटली नाही. याचे कारण समजून घेतले तेव्हा ते मला पटले: चोराने कॅमेरा उचलून नेला तर तो त्याच्या उपयोगाचा राहू नये म्हणून ही व्यवस्था केलेली असते. पण जी व्यवस्था चोराला रोखते तीच खऱ्या मालकालाही रोखत असेल, तर खरा मालक कोण हे विक्रीच्या वेळीच ठरवून घेण्याची जबाबदारी कंपनीवर येते. कंपनीच्या मदत केंद्राने बिलाची प्रत आणि कॅमेऱ्याच्या क्यूआर कोडचा फोटो मागवला आणि नऊ दिवसांनी मालकी मोकळी केली. ते नऊ दिवस आम्ही त्या कॅमेऱ्याचा विजेचा प्लगच काढून ठेवला होता.

माझा मुख्य आक्षेप दुकानावर नाही. जो प्रथम स्कॅन करील तो मालक, आणि इतरांना आपण पाहुणे आहोत हे तीन पडदे आत गेल्याशिवाय कळणार नाही, अशी रचना कंपनीने केली आहे. भारतात असे कॅमेरे बहुतेक वेळा दुकानदाराचा माणूस बसवतो, ग्राहक स्वतः बसवत नाही, हे इथे विक्री करणाऱ्या कंपनीला ठाऊक नसेल असे मी मानू शकत नाही. ॲप उघडताच पहिल्या पानावर ‘या कॅमेऱ्याचे मालक अमुक क्रमांकाचे खाते आहे’ एवढी एक ओळ दाखवली असती, तरी आम्हाला पहिल्या दिवशी कळले असते. ज्यांच्या घरी दुसऱ्याने कॅमेरा बसवून दिला आहे त्यांनी आजच ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन कॅमेऱ्याची नावनोंदणी पाहावी. ‘शेअर’ किंवा ‘पाहुणा’ अशा अर्थाचा शब्द दिसला, तर मालक दुसरा कोणीतरी आहे. मालकाने आपल्या खात्यातून कॅमेरा काढून टाकल्यावर तो आपल्या खात्यात नव्याने जोडावा आणि पासवर्ड आपल्या हाताने ठेवावा, ज्याच्या फोनवर तो पूर्वी होता त्याच्यासमोर नव्हे.

या प्रकरणानंतर माझी झोप उडाली म्हटले तरी चालेल, कारण आईला दिलेले माझे उत्तर पुन्हा एकदा तपासणे भाग होते. फिटिंग करणारा बाजूला झाला. मग आता फक्त मी आणि दादाच का?

खोक्यावर इंग्रजीत ठळकपणे लिहिले होते की रेकॉर्डिंग मेमरी कार्डावर, म्हणजे आपल्या घरातच राहते. क्लाउडची, म्हणजे कंपनीच्या दूरच्या संगणकांवर रेकॉर्डिंग साठवण्याची, मासिक योजना आम्ही घेतली नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने आणि मी एक साधी परीक्षा घेतली. कॅमेऱ्याची वीज बंद केली, कार्ड काढून टेबलावर ठेवले, आणि ज्या फोनवर हे ॲप कधीच नव्हते अशा नव्या फोनवर ते घेऊन माझ्या खात्याने आत गेलो. हालचालीच्या सूचनांची यादी उघडली, आणि गेल्या आठवड्यातील चित्रे एकामागून एक समोर आली: आई तांदूळ निवडताना, काकू उंबऱ्यात बसलेल्या, मी स्वतः पाटावर ताट मांडताना. कॅमेरा बंद होता, कार्ड आमच्या हातात होते, फोन कोरा होता. म्हणजे ती चित्रे कुठल्या तरी तिसऱ्या ठिकाणी, कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे तिच्या दूरच्या संगणकांवर होती. रेकॉर्डिंग घरातच राहते हे वाक्य अक्षरशः खोटे नव्हते, कारण चलचित्र कार्डावरच होते; पण प्रत्येक हालचालीचे एक स्थिर चित्र बाहेर जात होते आणि त्याविषयी खोक्यावर एक शब्दही नव्हता.

हे वाचून एखाद्याला वाटेल की स्वस्त कॅमेऱ्याकडून आणखी काय अपेक्षा करायची. परंतु किमतीचा आणि या प्रकाराचा संबंध वाटतो तेवढा सरळ नाही. अँकर या कंपनीचे यूफी नावाचे कॅमेरे ‘माहिती तुमच्या घराबाहेर जात नाही’ याच मुद्द्यावर विकले जात होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये पॉल मूर या सुरक्षा अभ्यासकाने दाखवून दिले की क्लाउड वापरत नसतानाही सूचनांची चित्रे कंपनीच्या क्लाउडवर चढत होती. त्याच सुमारास हेही उघड झाले की कॅमेऱ्याचे थेट चित्र एन्क्रिप्शनशिवाय, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद न होता, बाहेरून पाहता येत होते. कंपनीने आधी नाकारले आणि जानेवारी २०२३ मध्ये, संपूर्ण प्रवाह एन्क्रिप्ट होत नव्हता, हे मान्य केले. यूफीविषयी मी वाचले ते आमच्या परीक्षेनंतर. आधी वाचले असते, तर ती परीक्षा कॅमेरा भिंतीला लागण्यापूर्वीच घेतली असती.

चित्रे सर्व्हरवर गेली म्हणून बिघडले काय, असे दादाने विचारले. प्रश्न योग्य आहे, कारण आपला बँकेचा व्यवहारही कोणाच्या तरी सर्व्हरवरच असतो. त्याचे उत्तर मला गेल्या काही वर्षांतील घटनांत सापडले. ॲमेझॉनच्या मालकीच्या रिंग या कॅमेरा कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने मे २०२३ मध्ये केलेल्या तक्रारीत नोंद आहे की २०१७ साली एका कर्मचाऱ्याने किमान ८१ महिला ग्राहकांच्या हजारो चित्रफिती कित्येक महिने पाहिल्या, आणि त्यांत शयनगृह व न्हाणीघर अशा जागांतील कॅमेरेही होते. कर्मचाऱ्यांना ग्राहकांच्या चित्रफिती पाहण्याची मुभा गरजेपेक्षा कितीतरी अधिक सैल होती, हा त्या तक्रारीचा गाभा होता. प्रकरण ५८ लाख डॉलर भरून मिटले. व्हरकाडा या कॅमेरा कंपनीत मार्च २०२१ मध्ये हल्लेखोरांना एका मोठ्या अधिकाराच्या खात्याचे तपशील मिळाले आणि रुग्णालये, शाळा, तुरुंग आणि कारखाने यांतील सुमारे दीड लाख कॅमेरे त्यांच्यासमोर उघडे पडले. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ या कॅमेरा कंपनीची सेवा काही तास बंद पडून पुन्हा सुरू होत असताना सुमारे १३,००० ग्राहकांना आपल्या ॲपमध्ये परक्या घरांची चित्रे दिसली. त्यांपैकी १,५०४ जणांनी ती उघडूनही पाहिली. यात कोणी चोर नव्हता, कोणाचा वाईट हेतू नव्हता. सर्व्हर पूर्ववत होताना कोणते चित्र कोणाचे याची गल्लत झाली, एवढेच.

या तिन्ही कंपन्यांनी ग्राहकांना सुरक्षिततेची हमी दिलेली होती. म्हणून कंपनी प्रामाणिक आहे का, हा प्रश्न मी आता विचारत नाही. प्रामाणिक कंपनीतही एखादा कर्मचारी वाईट निघतो, एखादा पासवर्ड बाहेर फुटतो, एखादी संगणक प्रणाली चुकते. कंपनीने ठरवले तरी तिला माझ्या घरातले चित्र पाहता येऊ नये अशी तिने स्वतःवर बंदी घालून घेतली आहे का, हा माझा प्रश्न आहे. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणतात ते हेच. चित्र कॅमेऱ्यातच कुलूपबंद होते, किल्ली फक्त माझ्या आणि दादाच्या फोनमध्ये असते, आणि मधल्या सर्व्हरवर जे पडून राहते ते किल्लीवाचून वाचता येत नाही. अशा व्यवस्थेत सर्व्हर चुकला, फुटला किंवा कोणी आत शिरले तरी आईचा तांदूळ निवडतानाचा फोटो कोणाच्या हाती पडत नाही. हे अशक्य कोटीतील नाही. रिंगनेच २०२१ पासून ही सोय पर्याय म्हणून देण्यास सुरुवात केली. ॲपलची होमकिट सिक्युअर व्हिडिओ ही व्यवस्था २०१९ पासून याच तत्त्वावर आहे. कॅमेऱ्यातील हालचाल ओळखण्याचे काम घरातल्याच उपकरणावर होते आणि क्लाउडवर फक्त कुलूपबंद चित्र जाते. अर्थात तिला साजेसा कॅमेरा, घरात ॲपलचे आणखी एक उपकरण आणि क्लाउडची मासिक वर्गणी असा खर्च आहे, आणि तो आमच्या आवाक्यात बसला नाही.

तरीही ‘किल्ली तुमच्याकडेच’ हे आश्वासनसुद्धा कायमचे समजू नये. ग्राहकांची कुलूपबंद माहिती उघडता यावी अशी मागणी करणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या गुप्त आदेशानंतर ॲपलने फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनमधील ग्राहकांसाठी आपली ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन ही क्लाउडवरील सर्वांत कडक सुरक्षा नव्याने देणे बंद केले. ती कंपनी मागच्या दाराने किल्ली देत नाही असे म्हणून ठाम राहिली, पण ज्या देशात धंदा करायचा त्या देशात तिला कुलूपच मागे घ्यावे लागले. म्हणून कंपनीची आजची व्यवस्था चांगली असली तरी ती उद्या बदलली तर आपल्याला स्पष्टपणे कळवले जाईल का, हे खरेदीच्या वेळीच पाहावे.

पासवर्डाविषयी थोडक्यात. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्या जोरावर एका दिवशी ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा अमेरिकेत तासन्‌तास ठप्प झाल्या. त्यासाठी तिने कारखान्यातून येणारे साठेक ठरावीक नाव-पासवर्ड एकामागून एक लावून पाहिले होते, याहून मोठी क्लृप्ती केली नव्हती. आपल्याकडेही फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील तपासणी कक्षातील महिलांच्या कॅमेरा चित्रफिती यूट्यूब आणि टेलिग्रामवर विक्रीसाठी आल्या. ज्या जागी कॅमेरा असायलाच नको होता त्या जागी तो होता, हे त्या प्रकरणातले मला सर्वांत दुःखद वाटते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून कायद्याने सर्व उपकरणांना एकच सोपा पासवर्ड ठेवून विकण्यास बंदी आहे, आणि सुरक्षेचे अपडेट किमान किती काळ मिळतील हे उत्पादक कंपनीला जाहीर करावे लागते. आमच्या खोक्यावर एक वर्षाची वॉरंटी आहे. अपडेट किती वर्षे मिळतील याचा उल्लेख नाही, आणि कॅमेरा भिंतीवर सात-आठ वर्षे सहज राहतो.

भारत सरकारनेही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेचे नवे निकष ठरवले असून ते एप्रिल २०२५ पासून लागू झाले आहेत. त्यानुसार कॅमेऱ्याची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी व्हावी लागते. ही चांगली गोष्ट आहे आणि खरेदी करताना दुकानदाराला त्याविषयी जरूर विचारावे. मात्र ही तपासणी उपकरणाची आहे. फिटिंग करणाऱ्याच्या फोनमध्ये मालकी राहिली का, किंवा सर्व्हरवर चित्रे किती दिवस राहतात, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही.

खाजगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. ज्यांच्या याचिकेवरून तो प्रश्न उभा राहिला ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते, आणि याचिका दाखल केली तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते. आईला हे सांगितले तेव्हा तिला फार बरे वाटले. त्या निकालानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरील बहुतेक बंधने नियमांनंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ मध्ये लागू होतील. माहितीच्या सुरक्षेसाठी पुरेशी काळजी न घेणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मी माझ्या घरगुती कामासाठी कॅमेरा वापरते म्हणून मला हा कायदा लागू होत नाही, पण माझ्या आईची चित्रे साठवणाऱ्या कंपनीला तो लागू होतो.

या कायद्यातील एक तरतूद आपल्या भागातील प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. संमती मागताना कंपनीने जी सूचना द्यायची, ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला मिळाला पाहिजे. त्या यादीत मराठी आहे, कन्नड आहे, कोंकणी आहे. सरकारी परिपत्रके मराठीतून मिळावीत ही सीमाभागातील मागणी किती जुनी आहे आणि तिच्यासाठी लोकांनी काय सोसले आहे, हे येथील वाचकांना सांगण्याची गरज नाही. माझी आई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली. बाजारात आणि दवाखान्यात ती कन्नड अस्खलित बोलते, पण वाचते ती मराठीच. आमच्या कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषा आहेत आणि खाजगीपणाचे धोरण फक्त इंग्रजीत आहे. मी ते छापून घेतले तेव्हा एकोणीस पाने झाली. ज्या बाईचे चित्र दिवसभर घेतले जाते, तिला ते कशासाठी घेतले जाते हे तिच्या भाषेत सांगितलेले नसेल, तर तिची संमती घेतली असे म्हणता येणार नाही. ‘मान्य आहे’ या बटणावर बोट फिटिंग करणाऱ्या मुलाने ठेवले होते. ते ना माझे होते, ना आईचे.

ती एकोणीस पाने मी जानेवारीत तिला दोन दुपारी बसून मराठीत समजावून सांगितली. चित्रे ‘संलग्न कंपन्या’ आणि ‘सेवा पुरवठादार’ यांच्याकडे जाऊ शकतात हे ऐकल्यावर तिने ते पुरवठादार कोण हे विचारले, आणि पानांत नावे नव्हती. मग ती माझ्यासाठी अनपेक्षित असे एक बोलली. “माझं म्हातारीचं काय घेऊन बसलीस, पण दुपारच्या बायका येत्यात. काकूची सून माहेरचं बोलते, रडते. तिला कुणी विचारलंय काय?” इतक्या महिन्यांत मी हा विचार एकदाही केला नव्हता. घरच्यांची परवानगी आम्ही गृहीत धरली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची तर गणतीच केली नव्हती. कॅमेऱ्याला माइक असतो, हे त्या बायकांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते.

त्या आठवड्यात सोप्यातला कॅमेरा काढला आणि परड्याच्या दारावर बाहेरच्या बाजूने बसवला. दोन्ही कॅमेऱ्यांचा आवाज घेण्याचा पर्याय बंद केला, सूचनेसोबत चित्र पाठवण्याचा पर्याय बंद केला, दोन टप्प्यांचे लॉगिन चालू केले आणि राउटरवर कॅमेऱ्यांसाठी वेगळे वायफाय नाव ठेवले, म्हणजे कॅमेऱ्यातून कोणी आत शिरले तरी घरातल्या फोनांपर्यंत पोहोचणे अवघड होईल. आणि ज्या भीतीपोटी हे सारे केले होते, त्या न्हाणीच्या पायरीपाशी आता ६०० रुपयांची वायरलेस बेल आहे. तिचे बटण आईच्या हाताला बसल्या जागी लागेल इतक्या खाली भिंतीवर लावले आहे आणि घंटा काकूंच्या स्वयंपाकघरात वाजते. तिला इंटरनेट लागत नाही, खाते लागत नाही, आणि ती काहीही साठवत नाही. आमच्या गरजेचा मोठा भाग या बेलने भागवला, हे या परीक्षणात लिहिलेच पाहिजे.

दाराबाहेर, अंगणात किंवा शेतघराच्या फाटकावर लावायला हा कॅमेरा योग्य आहे आणि किमतीच्या मानाने चांगला आहे. घराच्या आत लावण्यासाठी मी तो कोणालाही सुचवणार नाही, आजारी माणसाच्या खोलीसाठी तर नाहीच. चित्राला पाचपैकी चार, कंपनीवरील विश्वासाला दोन. ते दोनही यासाठी की मदत केंद्राने मालकीचा प्रश्न नऊ दिवसांत का होईना सोडवला आणि चित्र पाठवणे बंद करण्याचा पर्याय, शोधावा लागला तरी, ॲपमध्ये आहे.

फेब्रुवारीत मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना मराठीत पत्र पाठवले. जून ते जानेवारी या काळातील सोप्यातील सर्व चित्रे पुसून टाकावीत, ती किती दिवस आणि कोणत्या देशात ठेवली जात होती ते कळवावे, आणि त्या काळात आमच्या खात्याव्यतिरिक्त कोणकोणत्या खात्यांनी ती उघडली याची नोंद द्यावी, अशा तीन मागण्या केल्या. अठरा दिवसांनी इंग्रजीत उत्तर आले. चित्रे पुसल्याचे त्यात म्हटले आहे, आणि ती तीस दिवस ठेवली जातात असेही. देशाचा उल्लेख नाही. तिसऱ्या मागणीविषयी काहीच लिहिलेले नाही. मार्चअखेर मी दुसरे पत्र फक्त त्या नोंदीसाठी पाठवले आहे. आई दर रविवारी त्याचे काय झाले ते विचारते. उत्तर आले की ते येथे जोडीन.